बाकीची कोडी: दोन अटींची एक अट करायला संगणकाला कसे शिकवायचे

शाळेच्या मैदानावर कवायतीसाठी मुले उभी करायची आहेत. सात-सातच्या रांगा केल्या की ३ मुले उरतात. अकरा-अकराच्या केल्या की ५ उरतात. तेरा-तेराच्या केल्या की ४. शाळेत कमीत कमी किती मुले असतील?

अशी कोडी शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांपर्यंत सगळीकडे भेटतात. परीक्षेत चार पर्याय समोर असतात, त्यामुळे एकेकाला भागून पाहिले की काम होते. प्रोग्रॅमला मात्र उत्तर शून्यातून शोधावे लागते आणि खरी गंमत तिथेच आहे. या लेखातली मुख्य गोष्ट एका ओळीत सांगता येते: उत्तर शोधत बसू नका, दोन अटींची मिळून एक अट करा आणि हेच पुन्हा पुन्हा करत जा.

बाकी काढण्याची खूण पायथॉन, सी, जावा, जावास्क्रिप्ट या सगळ्या भाषांत % हीच आहे. शेकडेवारीशी तिचा इथे काही संबंध नाही. १७ % ५ म्हणजे १७ ला ५ ने भागल्यावर उरणारी बाकी, म्हणजे २.

खालचे प्रोग्रॅम मराठीत लिहिले आहेत. पायथॉनमध्ये ‘उत्तर’, ‘पायरी’, ‘भाजक’ ही नावे देवनागरीत जशीच्या तशी चालतात. ‘जोपर्यंत’ आणि ‘प्रत्येक’ यांच्या जागी मात्र व्हाइल आणि फॉर हे त्या भाषेचे शब्द लिहावे लागतात आणि आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत द्यावे लागतात. प्रोग्रॅममध्ये २३ थेट देवनागरीत लिहिले तर पायथॉन वाक्यरचनेची चूक दाखवतो. तेच २३ अवतरणचिन्हांत घालून इंट या फंक्शनला दिले, तर तो बिनतक्रार वाचतो.

सगळ्यात सरळ प्रोग्रॅम असा:

संख्या = ०
जोपर्यंत (संख्या % ७ ≠ ३) किंवा (संख्या % ११ ≠ ५) किंवा (संख्या % १३ ≠ ४):
    संख्या = संख्या + १
दाखव संख्या

शून्यापासून एकेक संख्या घ्यायची, तिन्ही अटी लावून पाहायच्या, एक जरी मोडली तरी पुढे जायचे. उत्तर येते ६५४. यातल्या ‘किंवा’कडे नीट पाहा, कारण नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. आपण मनात म्हणतो ‘तिन्ही अटी जुळायला हव्यात’ आणि हात आपोआप ‘आणि’ लिहितो. पण लूपला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या ‘जोपर्यंत’च्या भागाला, आपण थांबण्याची अट देत नसून पुढे चालत राहण्याची अट देत असतो. ‘आणि’ लिहिले तर प्रोग्रॅम ३ वरच थांबतो, कारण ३ ला ७ ने भागले की बाकी ३ उरते आणि एक अट जुळली एवढ्यावरच तो समाधान मानतो.

६५४ नंतरचे उत्तर १,६५५ आणि त्यानंतरचे २,६५६. दर खेपेला १,००१ ची वाढ. तिन्ही अटी पाळणाऱ्या दोन संख्यांची वजाबाकी केली की बाक्या एकमेकींना कापतात, म्हणून त्या फरकाला ७, ११ आणि १३ या तिघांनीही पूर्ण भाग जातो. असा सर्वांत लहान फरक म्हणजे तिघांचा लसावि, ७ × ११ × १३ = १,००१. शाळेत हजारापेक्षा जास्त मुले आहेत असे कोड्यात म्हटले असेल तर उत्तर १,६५५, पुन्हा शोधाशोध नको.

एवढ्या छोट्या कोड्याला हा प्रोग्रॅम पुरेसा आहे आणि तिथे हुशारी करायची गरजही नाही. अडचण आकडे वाढले की येते. अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड या डिसेंबरमधल्या ऑनलाइन स्पर्धेत २०२० साली तेराव्या दिवशी बसगाड्यांचे एक कोडे होते. त्यात उत्तर १०० लाख कोटींच्या, म्हणजे एकावर चौदा शून्यांच्या पुढे असेल असे आधीच सांगून ठेवले होते. सेकंदाला एक कोटी संख्या तपासल्या तरी तिथवर पोहोचायला एक कोटी सेकंद, म्हणजे जवळजवळ ११६ दिवस लागतील. आणि त्या वर्षीची स्पर्धा २५ दिवसांची होती!

उड्या मारत जाणे

आता तेच शाळेचे कोडे कागदावर सोडवू. पहिली अट पाळणारी सगळ्यात लहान संख्या ३. तिथून सात-सातने पुढे गेलो तर पहिली अट कधीच मोडत नाही, कारण ७ मिळवल्याने ७ ची बाकी बदलत नाही. म्हणून मधल्या संख्या पाहायच्याच कशाला? ३, १०, १७, २४, ३१, ३८. इथे थांबा: ३८ ला ११ ने भागले की बाकी ५. पाच उड्यांत दोन अटी जुळल्या.

आता ३८ पासून पुढे जायचे, पण दोन्ही अटी सांभाळून. त्यासाठी उडी अशी हवी की तिला ७ नेही भाग जाईल आणि ११ नेही: ७७. म्हणजे ‘७ ने भागून ३’ आणि ‘११ ने भागून ५’ या दोन अटींची मिळून ‘७७ ने भागून ३८’ ही एकच अट झाली. ३८, ११५, १९२, २६९, ३४६, ४२३, ५००, ५७७, ६५४. आठव्या उडीला १३ ची बाकी ४ आली.

सगळ्या मिळून १३ उड्या. मघाच्या प्रोग्रॅमने याच कामाला ६५४ पावले टाकली होती.

उत्तर = पहिली बाकी
पायरी = पहिला भाजक
उरलेल्या प्रत्येक (भाजक, बाकी) जोडीसाठी:
    जोपर्यंत उत्तर % भाजक ≠ बाकी:
        उत्तर = उत्तर + पायरी
    पायरी = लसावि(पायरी, भाजक)
दाखव उत्तर, पायरी

शेवटच्या ओळीत पायरीही दाखवली आहे, कारण पूर्ण उत्तर ‘६५४’ एवढेच नसून ‘६५४, आणि पुढे दर १,००१ ला’ असे आहे. लसावि काढण्याचे फंक्शन पायथॉनच्या मॅथ या भांडारात आवृत्ती ३.९ पासून तयार मिळते. त्याआधीच्या आवृत्तीत गुणाकाराला मसाविने भागून लसावि काढावा.

एका भाजकासाठी जास्तीत जास्त किती उड्या? भाजकापेक्षा एक कमी, कारण तेवढ्यात त्याच्या सगळ्या शक्य बाक्या एकदा येऊन जातात आणि मग चक्र पुन्हा सुरू होते. म्हणून अटी मोठ्या भाजकापासून लहानाकडे लावाव्यात. सर्वांत मोठा भाजक सुरुवातीलाच पायरी होऊन बसतो, त्याच्यासाठी उड्या माराव्याच लागत नाहीत. आपल्या कोड्यात १३ पासून सुरुवात केली तर ४ पासून ८२ पर्यंत सहा उड्या आणि ८२ पासून १४३-१४३ ने ६५४ पर्यंत चार, एकूण १०. इथे फरक किरकोळ वाटतो, पण एक भाजक लाखात आणि बाकीचे शंभराच्या आत असले की हा क्रम सगळा वेळ वाचवतो. हजाराच्या आतले दहा भाजक असले तरी उड्या नऊ हजारांच्या आत आटोपतात. ११६ दिवसांचे काम डोळ्याचे पाते लवायच्या आत होते ते यामुळे.

कोडे अटींत बसवताना

प्रोग्रॅम बरोबर, पण अटच चुकीची लिहिली, असे फार वेळा होते. ‘सहा-सहाचे गट केले तर एक कमी पडतो’ याचा अर्थ बाकी १ असा होत नाही, बाकी ५ होते. ‘कमी पडतात’ दिसले की भाजकातून तेवढे वजा करायचे. यातूनच एक सोपी युक्ती निघते: ४ ने भागून ३, ५ ने भागून ४, ६ ने भागून ५ असे असेल, तर प्रत्येक ठिकाणी एकच कमी पडतो आहे. म्हणून उत्तर लसाविपेक्षा एक कमी, ६० − १ = ५९. तिथे प्रोग्रॅम लागतच नाही.

बसगाड्यांच्या कोड्यात हाच खड्डा होता. समजा १७ क्रमांकाची बस दर १७ मिनिटांनी सुटते, १३ ची दर १३ मिनिटांनी, १९ ची दर १९ मिनिटांनी. असा क्षण हवा की त्या क्षणी १७ ची बस सुटेल, बरोबर २ मिनिटांनी १३ ची आणि ३ मिनिटांनी १९ ची. घाईत लोक ‘१३ ने भागून बाकी २’ लिहितात. पण भाग जातो तो क्षण + २ या संख्येला, म्हणून क्षणाची बाकी १३ − २ = ११ आणि १९ साठी १९ − ३ = १६. उत्तर ३,४१७. ताळा करा: ३,४१७ ला १७ ने, ३,४१९ ला १३ ने आणि ३,४२० ला १९ ने पूर्ण भाग जातो.

बाकी शून्य आली की क्रमांकाचे काय, हा आणखी एक अडखळा. पंचांगातले उदाहरण घ्या. महाराष्ट्रात चालणाऱ्या शकगणनेत शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. शके १९४७: १,९५९ ला ६० ने भागून बाकी ३९, म्हणून विश्वावसु. पण बाकी ० आली तर शून्यावा संवत्सर नसतो, तो साठावा, क्षय. प्रोग्रॅममध्ये ६० नावांची यादी केली तर तिची मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून १२ च्या ऐवजी ११ मिळवले की प्रभव शून्याव्या जागी आणि क्षय एकोणसाठाव्या जागी नीट बसतो.

अंड्यांची टोपली आणि ७२१

आता जिथे भलेभले चुकतात ते. जुने कोडे आहे: टोपलीतली अंडी दोन-दोन, तीन-तीन, चार-चार, पाच-पाच, सहा-सहा अशी काढली तर दर वेळी १ उरते, सात-सात काढली तर एकही उरत नाही. कमीत कमी अंडी किती?

अनेक जण पायरी वाढवताना लसाविऐवजी सरळ गुणाकार करतात: पायरी = पायरी × भाजक. ७, ११, १३ साठी ते चालून गेले, कारण त्या संख्या सहमूळ आहेत, त्यांच्यात १ शिवाय सामाईक विभाजक नाही. इथे मात्र २, ३, ४, ५, ६ चा गुणाकार ७२० होतो आणि लसावि ६०. गुणाकाराच्या प्रोग्रॅममध्ये उत्तर १ वर असते आणि पायरी ७२०. पहिल्याच उडीला ७२१, त्याला ७ ने पूर्ण भाग जातो, प्रोग्रॅम थांबतो. ताळा केला तर सगळ्या अटी जुळतात! तरीही उत्तर चूक, कारण ६० च्या पायरीने गेलो तर १, ६१, १२१, १८१, २४१, ३०१. आणि ३०१ ला ७ ने भाग जातो. ७२१ हे दुसरे उत्तर आहे, ३०१ + ४२०.

ताळा करून न सापडणारी चूक ही सगळ्यात वाईट. पण याच चुकीचे आणखी घातक रूप आहे. ४ ने भागून १, ६ ने भागून ३, ८ ने भागून ५ अशी संख्या घ्या. उत्तर आहे: २१. गुणाकाराचा प्रोग्रॅम १, ५, ९ वर येतो, तिथे पायरी २४ करतो आणि मग ९, ३३, ५७, ८१ असा जातो. या सगळ्यांना ८ ने भागले की बाकी १. कितीही पुढे गेला तरी ५ येणार नाही, आणि प्रोग्रॅम फिरतच राहतो. लसावि १२ घेतला असता तर पुढच्याच उडीला २१ मिळाले असते.

अटीच एकमेकींशी भांडत असतील तरीही लूप संपत नाही. ‘४ ने भागून १ आणि ६ ने भागून २’ अशी संख्या नसतेच: पहिली अट म्हणते संख्या विषम, दुसरी म्हणते सम. कसोटी साधी आहे. दोन भाजकांचा मसावि काढा. दोन बाक्यांच्या फरकाला त्या मसाविने भाग जात नसेल तर उत्तर नाही. इथे मसावि २, फरक १, म्हणून उत्तर नाही. प्रोग्रॅममध्ये याची सोय दोन प्रकारे करता येते: ही कसोटी आधी लावा, किंवा उड्या मोजा आणि त्या भाजकाइतक्या झाल्या की ‘उत्तर नाही’ सांगून थांबा. उड्या मोजणे मला जास्त भरवशाचे वाटते, कारण त्यात तुमच्या न दिसलेल्या चुकाही पकडल्या जातात.

तिसरा न संपणारा लूप: बाकीच भाजकापेक्षा मोठी दिली असेल, म्हणजे ‘७ ने भागून ९’. कुठल्याही संख्येला ७ ने भागून ९ उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक बाकी भाजकाने भागून घ्यावी: बाकी = बाकी % भाजक.

भाजकच प्रचंड असले तर

दोन्ही भाजक शंभर कोटींच्या घरात गेले की उड्यांची पद्धतही थकते, कारण एका अटीसाठी शंभर कोटी उड्या लागू शकतात. मग उड्या मारण्याऐवजी किती उड्या लागतील हे हिशेबाने काढावे लागते. हा हिशेब आर्यभटाने इ.स. ४९९ मधल्या आर्यभटीयात, गणितपादाच्या शेवटच्या दोन श्लोकांत दिला आहे. त्याला कुट्टक म्हणतात. कुटणे हा शब्द आपल्या खलबत्त्यातलाच आहे: मोठे आकडे कुटून कुटून बारीक करायचे. पहिल्या भास्कराने ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिले, त्यात ८ ने भागून ५, ९ ने भागून ४, ७ ने भागून १ अशी लहानात लहान संख्या विचारली आहे. ती ८५. चीनमध्ये त्याआधी सुन त्झूच्या गणितग्रंथात ३ ने भागून २, ५ ने भागून ३, ७ ने भागून २ हे कोडे आले होते, उत्तर २३. त्यामुळे या सगळ्या विषयाला आज चिनी शेष प्रमेय म्हणतात. दुसऱ्या भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीतही कुट्टकाचे प्रकरण आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणमध्ये त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारल्याचा शिलालेख सापडला, तो १२०७ सालचा.

हिशेब एका उदाहरणात पाहू. संख्येचे शेवटचे दोन अंक १५ आहेत आणि ३७ ने भागले की २० उरतात. शेवटचे दोन अंक १५ म्हणजे १०० ने भागून बाकी १५. म्हणून १५ पासून १०० च्या उड्या. दर उडीला ३७ ची बाकी २६ ने वाढते, कारण १०० % ३७ = २६. सुरुवातीला बाकी १५, हवी २०, म्हणजे ५ ची वाढ हवी. प्रश्न असा उरतो: २६ ला कितीने गुणले की ३७ ने भागून ५ उरेल?

त्याआधी सोपा प्रश्न सोडवू: कितीने गुणले की १ उरेल? दोन ओळींनी सुरुवात करा. पहिल्या ओळीत ३७ आणि ०, दुसरीत २६ आणि १. मग वरच्या ओळीतला डावा आकडा खालच्याने भागायचा, भागाकार घ्यायचा, आणि वरच्या ओळीतून खालची ओळ तेवढ्या पटीने वजा करायची, डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही.

३७ | ०
२६ | १
११ | −१ (भागाकार १)
४ | ३ (भागाकार २)
३ | −७ (भागाकार २)
१ | १० (भागाकार १)

पहिल्या ओळीखालच्या प्रत्येक ओळीत एक गोष्ट कायम खरी राहते: उजवा आकडा २६ ने गुणला आणि ३७ ने भागला की डावा आकडा बाकी उरतो. २६ × ३ = ७८, त्यातून ७४ गेले की ४. २६ × (−७) = −१८२, त्यात १८५ मिळवले की ३. हातातली ओळ चुकली का हे याच तपासणीने लगेच कळते. शेवटच्या ओळीत २६ × १० = २६०, आणि २५९ म्हणजे ३७ × ७, म्हणून बाकी १. या १० ला २६ चा ३७ साठीचा व्यस्त म्हणतात.

१ हवा असेल तर १० उड्या, ५ हवे असतील तर ५०. पण ३७ उड्यांनी चक्र पूर्ण होते, म्हणून ५० % ३७ = १३ उड्या पुरेत. १५ + १३ × १०० = १,३१५. ताळा: ३७ × ३५ = १,२९५, उरले २०.

ही पद्धत किती वेगवान आहे हे गॅब्रिएल लामे याने १८४४ मध्ये दाखवले: भागाकारांची संख्या लहान आकड्याच्या अंकांच्या पाचपटीपेक्षा जास्त होत नाही. नऊ अंकी भाजकासाठी फार तर ४५ पायऱ्या. कुठे शंभर कोटी उड्या आणि कुठे ४५!

आता दोन अटी एकत्र करण्याची पूर्ण कृती लिहू. पहिली अट ‘म ने भागून अ’, दुसरी ‘न ने भागून ब’.

ग = मसावि(म, न)
जर (ब − अ) % ग ≠ ०: उत्तर नाही
व = व्यस्त(म ÷ ग, न ÷ ग)
उड्या = ((ब − अ) ÷ ग × व) % (न ÷ ग)
नवे उत्तर = अ + म × उड्या
नवी पायरी = म × (न ÷ ग)

तीन अटी असतील तर पहिल्या दोन एकत्र करून आलेल्या अटीत तिसरी मिसळायची, आणि असेच पुढे. पायथॉनमध्ये व्यस्त काढायला वेगळा प्रोग्रॅमही लागत नाही. आवृत्ती ३.८ पासून पॉव या फंक्शनला २६, −१, ३७ असे तीन आकडे दिले की ते १० देते. व्यस्त नसेल, म्हणजे दोन्ही आकड्यांत सामाईक विभाजक असेल, तर व्हॅल्यू-एरर येते. वर ग ने आधी भागून घेतले आहे ते त्याचसाठी. भाग देताना एका तिरप्या रेघेचा भागाकार वापरू नका, दोन रेघांचा // वापरा. एका रेघेने दशांशातला आकडा मिळतो आणि सोळा-सतरा अंकांपुढे त्याचे शेवटचे अंक बदललेले असतात. उत्तर जवळपास बरोबर दिसते आणि बाकी पूर्ण चुकते.

भाषा बदलली की काय बिघडते

वरच्या कृतीत ब − अ ऋण येऊ शकते. पायथॉनमध्ये −७ % ५ चे उत्तर ३ येते, तेच आपल्याला हवे. सी, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये −२ येते. त्यामुळे पायथॉनमध्ये व्यवस्थित चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत उतरवला की मध्येच ऋण उत्तरे देऊ लागतो. तिथे बाकी नेहमी अशी काढा: ((क % न) + न) % न.

दुसरी अडचण आकाराची. पायथॉनचा पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो. सी आणि जावातल्या ६४ बिटांच्या पूर्णांकात साधारण ९.२२ × १०^१८ पर्यंतच संख्या मावते, म्हणजे तीनशे कोटींच्या वरच्या दोन संख्यांचा गुणाकार केला की ही मर्यादा ओलांडण्याची वेळ येते. जावा त्यावर काहीही कुरकुर न करता चुकीची संख्या हातात ठेवतो. जावास्क्रिप्टचा नेहमीचा आकडा तर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच भरवशाचा. तिथे बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरावा आणि तो सुरुवातीपासून वापरावा. साधे आकडे आणि बिगइंट एकाच बेरजेत मिसळले की प्रोग्रॅम थांबतो.

चाचणी कशी घ्यावी? ताळा पुरेसा नाही हे ७२१ ने दाखवलेच. म्हणून सुरुवातीचा तो मंद, एकेक संख्या तपासणारा प्रोग्रॅम टाकून देऊ नका. २ ते १२ पर्यंतचे सगळे भाजक दोन-दोन घ्या आणि त्यांच्या सगळ्या बाक्या घ्या. एकूण ७७ × ७७ = ५,९२९ कोडी होतात. प्रत्येक कोडे मंद प्रोग्रॅमला आणि वेगवान प्रोग्रॅमला द्या, दोन्हींची उत्तरे जुळवा, पायरीही जुळवा (मंद प्रोग्रॅमची पायरी म्हणजे त्याच्या लागोपाठच्या दोन उत्तरांतला फरक), ‘उत्तर नाही’ हेही जुळवा. मंद प्रोग्रॅमला इथे दोन उत्तरांसाठी २८८ पर्यंतच पाहावे लागते, त्यामुळे सगळे मिळून क्षणात होते. या भाजकांत सहमूळ जोड्या आहेत, एकमेकांच्या पटीतले आहेत, तेच ते दोनदाही आहेत. पायरी जुळवली की गुणाकाराची चूकही या चाळणीतून निसटत नाही.

मोबाइलमधली बाकी

इंटरनेटवर संदेश सुरक्षित ठेवण्याच्या आरएसए पद्धतीत खासगी किल्लीने, म्हणजे फक्त मालकाजवळ असलेल्या गुप्त आकड्याने, सही करताना संदेशाच्या आकड्याचा मोठा घात करून एका प्रचंड संख्येने भागून बाकी काढायची असते. ती संख्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असते. किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याला त्या दोन मूळ संख्या माहीत असतात. म्हणून तो एका मोठ्या हिशेबाऐवजी दोन अर्ध्या लांबीचे हिशेब करतो, दोन बाक्या काढतो आणि वरच्याच कृतीने त्यांची एक करतो. अर्ध्या लांबीच्या संख्यांचा गुणाकार साधारण चौपट स्वस्त पडतो आणि घातांकही निम्मा होतो, म्हणून प्रत्येक हिशेब एक अष्टमांश कामात उरकतो. दोन मिळून काम सुमारे एक चतुर्थांश.

पण इथेही अर्धी बाकी चुकली तर मोठा घोळ होतो. डॅन बोने, रिचर्ड डीमिलो आणि रिचर्ड लिप्टन यांनी १९९७ मधल्या शोधनिबंधात हा धोका मांडला आणि आर्येन लेन्स्ट्राच्या सुधारणेने दिसले की यंत्रातल्या बिघाडाने दोनपैकी एकच हिशेब चुकला आणि ती चुकीची सही बाहेर गेली, तर सार्वजनिक, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेल्या, किल्लीने ती उलटवून मूळ संदेशाशी फरक काढता येतो. त्या फरकाला एका मूळ संख्येने भाग जातो, दुसरीने जात नाही. मोठ्या संख्येशी त्याचा मसावि काढला की ती गुप्त मूळ संख्या हातात येते. म्हणून नीट लिहिलेले प्रोग्रॅम सही पाठवण्याआधी ती स्वतःच उलटवून पाहतात आणि संदेश जुळला नाही तर सही पुसून पुन्हा हिशेब करतात.